अक्षर जागेवर राहू दे

"हा तेलुगू पेपर कोणी टाकला वं?"

नवऱ्यानं व्हरांड्यातून हाक मारली तेव्हा मी मोरीत ब्रश धूत होते. म्हटलं, पेपरवाल्यानं घोळ केला असेल, शेजारी एक आंध्रातलं कुटुंब राहतं, त्यांचा आपल्याकडे आला असेल. ओले हात पुसत बाहेर आले तर पेपर आपलाच. रोजचाच, मराठीच.

"अहो, चष्मा लावा."

चष्मा लावलेलाच होता. त्यानं पेपर उलटा केला, सुलटा केला, दुमडून लांब धरला. मला वाटलं थट्टा चाललीय. सकाळी सकाळी माझी खेचायची, हा त्याचा निवृत्तीनंतरचा मुख्य उद्योग. "पुरे झालं नाटक," मी म्हणाले. तेव्हा त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मी तशीच रिक्षा आणायला धावले.

दवाखान्यात कळलं की डोक्यात छोटासा झटका येऊन गेला होता. हात शाबूत, पाय शाबूत, बोलणं शाबूत, डोळे तर छान. अक्षर दिसत होतं, पण ते कोणतं अक्षर आहे हे कळत नव्हतं. त्यातली खरी कमाल पुढेच होती. डॉक्टरांनी कोरा कागद पुढे केला तर ह्यानं झरझर आपलं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, खाली झोकात सही ठोकली. थोड्या वेळानं तोच कागद समोर धरला तर म्हणाला, "हे कोणी लिहिलं?"

"वाचणं परत येईल का?" मी विचारलं.

"काहींचं येतं, काहींचं नाही येत. सराव करून घ्या. घाई करू नका," डॉक्टर म्हणाले.

घाई करू नका! हे मला सांगणं म्हणजे वाऱ्याला बस म्हणण्यासारखं. मी जन्माची उतावळी. एका जागी मांडी घालून मी जेवणसुद्धा करत नाही.

आता मी कोण, ते सांगायला हवं, नाहीतर या प्रकरणातली गंमत आणि जळजळ दोन्ही कळणार नाही. मी अक्षरं काढते. म्हणजे नक्की काय करते, हे प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत अजून कोणाला पटलेलं नाही. कोणी म्हणतं पेंटर आहे, कोणी म्हणतं कॉम्प्युटरचं काहीतरी करते. मी आयुष्यभर देवनागरीची शिरोरेघ छळली, एवढंच खरं. तोडली, वाकवली, अक्षरांच्या पायाशी नेऊन ठेवली, कधी उडवूनच दिली. काना सुटा करून ओळीबाहेर उभा केला. वेलांटी इतकी ताणली की ती शेजारच्या शब्दाच्या अंगावर जाऊन पडली. लोक वाचतात तेव्हा अक्षराकडे पाहतच नाहीत, घास न चावता गिळतात, असं माझं म्हणणं. मला त्यांना अडवायचं होतं.

सुरुवातीला वेड्यात काढलं सगळ्यांनी. एका प्रकाशकानं माझं मुखपृष्ठ परत पाठवलं. म्हणाला, "बाई, पुस्तकाचं नाव तरी कळू द्या!" मी म्हटलं, लगेच कळलं तर हातात कोण घेईल? मग हळूहळू वारं फिरलं. बाहेरगावची बोलावणी आली, बक्षिसं आली, माझ्या अक्षरांवर लेख लिहिणारे विद्वान आले. माझ्या तुटक्या रेघांत त्यांना काय काय तत्त्वज्ञान सापडायचं, देव जाणे. मी गप्प राहून माना डोलवायची. कारण माझं खरं माप निराळंच होतं, आणि ते त्यांना सांगितलं असतं तर सगळी हवाच गेली असती.

माझं माप होतं माझा नवरा. समोर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही, कागदावर मला ते जमत नाही. लग्नानंतर आम्ही कोराडीच्या वसाहतीत राहायचो. तो वीज केंद्रात ऑपरेटर, दिवसभर काटे पाहणारा माणूस. मी घरात कागद पसरून. खिडकी उघडली की राख, लावली की उकाडा. ओल्या शाईवर राखेचा थर बसायचा आणि मी शिव्या घालत पुन्हा पहिल्यापासून काढायची. तो पाळी संपवून आला, की मी दारातच कागद धरायची. "वाचा." बूट काढायच्या आधी वाचायचं, हा आमच्या घरचा रिवाज. त्यानं धाडकन वाचलं की मी कागद फाडायची. अडकला, डोकं खाजवलं, "हे काय होय वं, भिंगरी?" असं विचारलं, की मी खूश. ते अक्षर राहायचं.

"लोकायच्या बायका नवऱ्याले पाणी देते, माही कागद देते," असं तो वसाहतभर सांगत फिरायचा.

सगळं काम असंच झालं. पुढे नावाजलेली, शिकवली जाणारी, नक्कल केली जाणारी माझी जेवढी अक्षरं आहेत, ती सगळी आधी त्या दारात अडकलेली आहेत. तो कधी चुकूनही खोटं अडकला नाही. अपवाद एकच: मला बरं वाटावं म्हणून एकदा अडकल्याचं सोंग केलं, ते मी पकडलं आणि मग आमचं जे भांडण झालं ते शेजाऱ्यांनी मिटवलं.

आता तर माझी अक्षरं गावभर झालीत. कॅफेवर तीच, सावजी भोजनालयावर तीच, लग्नपत्रिकेवर तीच. चौकातल्या कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही तीच. कुठे तोडायचं ते कळत नाही म्हणून खाटकानं तोडावी तशी सगळीकडून तोडलेली. माझ्याकडे शिकून गेलेली मुलं म्हणतात, मॅडम, हा तुमचा प्रभाव. मी म्हणते, प्रभाव कसला, साथ आलीय साथ! आमच्या स्वतःच्या घराची पाटी कुरिअरवाल्याला वाचता येत नाही. तो फाटकासमोर उभा राहून मला फोन करतो, "मॅडम, घर कोणतं?"

असा माझा धंदा. आणि आता माझा नवरा पिशवीवरच्या 'दूध' या शब्दापाशी अडकला होता. औषधाच्या पाकिटावर अडकत होता. बसच्या पाटीवर अडकला म्हणून भलत्याच बसमध्ये चढला आणि पार गावाबाहेर हिंगण्याला जाऊन पोचला. तिथून एका कंपनीच्या वॉचमननं मला फोन लावून दिला. त्या दिवसापासून त्यानं एकट्यानं बाहेर जाणं सोडलं.

घर चिडीचूप झालं. पूर्वी तो पेपर पहिल्या पानापासून टेंडरच्या नोटिसांपर्यंत मोठ्यानं वाचायचा आणि मी आतून ओरडायची, "मनातल्या मनात वाचा ना!" आता तो पेपर नुसता मांडीवर घेऊन बसायचा. पान उलटायच्या वेळेला पान उलटायचा. ते पाहून मला इतका राग यायचा, की भांडी आपटत सुटायची. राग कोणावर, विचारू नका. देवावर म्हणावं तर आमचं फारसं येणं-जाणं नाही. मला भीती वाटत होती, हे खरं. हा माणूस पुन्हा वाचणार नाही ही भीती. आणि आपण आता कोणासाठी काढायचं, ही दुसरी, जी बोलून दाखवायची लाज वाटायची.

दवाखान्यातून एक थेरपिस्ट मुलगी घरी यायला लागली. गोड पण खमकी. आम्हाला काका-काकू म्हणायची. तिनं समजावून सांगितलं, की काकांचा डोळ्यांचा रस्ता बंद झालाय पण हाताचा चालू आहे. अक्षरावरून बोट फिरवलं, की हात ते ओळखतो. म्हणून तिनं कार्डं आणली. एका कार्डावर एक अक्षर, मोठं, साधं, पहिलीच्या पुस्तकातलं. बोटानं गिरवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं.

"रोज हीच कार्डं. दुसरं काही नको," ती बजावून गेली.

ती कार्डं पाहून माझं पित्त खवळलं. काय ती अक्षरं! क पोट सुटल्यासारखा, म एका पायानं लुळा. ह्या असल्या भिकार अक्षरांवर माझ्या नवऱ्यानं शिकायचं? मी त्याच दुपारी बसले आणि नवा म काढला. गिरवायला सोयीचा, बोट आपोआप वळेल असा. माझी अडवणारी अक्षरं नाहीत हं, अगदी सरळ, प्रेमानं काढलेली. त्यानं गिरवला, जरा चाचरला, पण म्हणाला, "म." मी हवेत. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, गाठ अजून सैल हवी. सैल केली. तिसऱ्या दिवशी वाटलं, दांडा थोडा कललेला बरा. कलवला. मी पेटलेच होते. इतक्या जोमात मी बऱ्याच दिवसांत काम केलं नव्हतं.

आणि तो मागे जायला लागला. काल आलेला म आज येईना. क तर पार गेला. मी म्हणायची, थांबा, रेघ जाड झाली असेल, उद्या बारीक करते.

एका सकाळी त्यानं सगळी कार्डं उचलून फरशीवर भिरकावली. हा माणूस, ज्यानं उभ्या आयुष्यात घरात साधी वाटी आपटली नाही.

"अवं, कालचा म कुठं गेला?" तो ओरडला. "मी त्याले कसाबसा ध्यानात ठेवून राहिलो, अन तू सकाळी उठून त्याले बदलवून टाकते! तुले एक अक्षर जागेवर ठेवता येत नाही का?"

आणि तो रडायला लागला. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी फरशीवर बसून कार्डं गोळा करत राहिले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

थेरपिस्ट मुलीनं तो गठ्ठा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "काकू, काकांना अक्षर ओळखायचंय आणि तुम्ही इथे रोज नवं पसंत करून राहिल्या!" तिनं माझी सगळी कार्डं पिशवीत भरून नेली. पुन्हा तो पोट सुटलेला क आणि लुळा म. रोज तेच. माझे हात नुसते शिवशिवायचे. त्याच्या सरावाच्या वेळी मी मुद्दाम भाजी निवडायला घ्यायची, म्हणजे हातांना काही काम राहील. पण हळूहळू म परत आला. मग क. मग बाराखडीतले एकेक. शब्द मात्र येईना. अक्षरं एकेकटी यायची आणि पुढचं येईपर्यंत मागचं निघून जायचं.

ह्यातच ते प्रदर्शन येऊन ठेपलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी नागपुरातच एक हॉल घेऊन माझं सगळं काम मांडायचं ठरवलं होतं आणि झटक्याच्या आधीच मी त्यांना एक भिंत कबूल केली होती. त्या भिंतीवर घरात बोललं जाणारं एक साधं वाक्य मी कोळशानं लिहायचं, आणि रोज सकाळी पुसून निराळ्या अक्षरात पुन्हा काढायचं. पत्रिकेवर ठळक छापलंही होतं: रोज नवी भिंत.

मी रद्द करायला निघाले होते. नवरा म्हणाला, "कायले रद्द करते? मी काय मरून राहिलो? चाल, मीही येतो."

पहिल्या दिवशी पहाटेच उठून मी भिंत काढली. वाक्य होतं, 'चहा ठेवू का?' घराघरांत दिवसभर ऐकू येतं आणि कोणी ऐकत नाही, म्हणून निवडलेलं. सवयीनं मी ते पुरतं अवघड केलं. ह आणि त्याचा काना ह्यांच्यामध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. शिरोरेघ जमिनीलगत. ठ तर असा फोडला की तो ठ आहे हे मलाच शपथेवर सांगावं लागलं असतं.

गर्दी चांगली झाली. तरुण मुलं, दाढीवाले, फोन उगारलेले. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागे बांधून माझ्या जुन्या कामांसमोरून फिरत होता, परक्या गावच्या बाजारातून फिरावं तसा. कोणी तरी मला प्रभावाबद्दल काही विचारत होतं, मी काहीतरी उत्तर देत होते, लक्ष सगळं तिकडे. मग तो भिंतीसमोर थांबला. जरा वेळ पाहिलं. आणि पुढे होऊन त्यानं सरळ भिंतीवर बोट ठेवलं.

"काका, हात नका लावू!" एक मुलगी धावली.

"लावू दे!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळा हॉल वळला.

तो कोळशाच्या रेघेवरून बोट नेत होता. खाली वाकून, वर हात उंचावून. "च," तो पुटपुटला. त्याच्या मागे मुलं जमली. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. तीही हवेत बोटं फिरवायला लागली. एकजण हे सगळं फोनवर घेत मला म्हणाला, "मॅडम, काय भारी कन्सेप्ट आहे!" त्याच्या एक ठेवून द्यावी असं मला वाटलं. पण त्याचं काय चुकलं होतं?

शब्द माझ्या ओठांवर येऊन बसला होता. नुसतं कुजबुजले असते तरी पुरे होतं. मी दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं. खूप वेळ गेला. मग तो म्हणाला, "ह... हा. चहा." आणि घामाघूम होऊन मागे सरकला. बोट काळं, शर्टाची बाही काळी.

"थकलो वं," तो म्हणाला. "बाकीचं उद्या वाचतो."

उद्या! घरी येऊन मी व्हरांड्यातून फाटकापर्यंत किती येरझाऱ्या घातल्या ते ठाऊक नाही. संध्याकाळी फोन आला. प्रदर्शन सांभाळणारी, माझीच विद्यार्थिनी, आता स्वतः शिकवते.

"मॅडम, सकाळी भिंत पुसायला माणसं कधी पाठवू?"

"पाठवू नको. उद्याही तीच राहील."

"अहो पण पत्रिकेवर छापलंय! उद्या पुण्या-मुंबईचे लोक खास नवी भिंत पाहायला येऊन राहिले. त्यांना काय सांगू?"

"सांग, अजून वाचून व्हायची आहे."

तिनं फोनच ठेवून दिला. रागावली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच आधी हॉलवर गेले. हातात कोळसा होता आणि ओलं फडकंही. खोटं कशाला बोलू, मी त्या ठ साठी गेले होते. तो जरा सोपा करावा, फोडलेला गोल जोडावा, म्हणजे त्याला सापडेल. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, की आपलं एखादं अक्षर कोणालाच अडवू नये. मी फडकं उचललं. पण घरी बसून तो ह्याच भिंतीची उजळणी करत असेल, जशी आहे तशीच, हे आठवलं आणि माझा हात खाली आला. फडकं बादलीत टाकून मी दारात जाऊन उभी राहिले.

पाहुणे आले, कालचीच भिंत पाहून नाराज झाले, आपसांत कुजबुजले. एकानं तर तोंडावर विचारलं, "थकलात का हो?" मी म्हटलं, हो.

जेवण करून तो आला. भिंतीसमोर उभा राहिला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. च. काल मिळवलेलं सगळं पुन्हा मिळवायचं होतं. चहापर्यंत आला. मग त्या मेल्या ठ वर अडकला. बोट फिरवतोय, थांबतोय, परत फिरवतोय. गर्दी पांगली. फोन खिशात गेले. कोणी तरी खुर्ची आणून दिली, तो बसला नाही. मी त्याच्या मागे उभी होते आणि मनात स्वतःला लाखोली वाहत होते.

"ठ," तो म्हणाला. मग मात्रेवरून बोट वर गेलं. "ठे." मग खाली, लांब. "वू." मग भिंतीच्या पार टोकाला जाऊन, "का." तिथून तो मागे आला, च पाशी, आणि ओठ हलवत, बोट न टेकवता, नुसता भिंतीसमोरून हळूहळू चालत गेला.

शेवटी वळला आणि मला म्हणाला, अगदी घरातल्या आवाजात, जसं काही मी ओट्यापाशी उभी आहे, "ठेव ना. साखर कमी टाकजो."

त्या भिंतीसमोर किती तरी लोक उभे राहिले होते. त्यांनी शिरोरेघेचं कौतुक केलं, काना कुठे नेलाय ते एकमेकांना दाखवलं, फोटो काढले. मी इतकी वर्षं गावोगावच्या भिंतींवर लिहीत आले, पण माझ्या लिहिलेल्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि हसूही. "ठेवते, ठेवते," म्हणत मी हॉलच्या बाहेर, टपरीकडे पळाले.